घटोत्कचाचा वर्ण

सन २०१० च्या जानेवारी महिन्याच्या तीस तारखेस तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील चित्रपटगृहांत एक जुना राक्षस नव्या वर्णाने अवतरला. राक्षस म्हणजे भीमसेन आणि हिडिंबा यांचा पुत्र घटोत्कच; आणि चित्रपट म्हणजे के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेला, मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्सचा 'मायाबाजार'. १९५७ च्या मार्च महिन्यात तो प्रथम दाखविला गेला तेव्हा काळा-पांढरा होता. त्रेपन्न वर्षांनी तो रंगीत होऊन आला. हे काम अंगावर घेतले ते गोल्डस्टोन टेक्नॉलॉजीज या कंपनीने. तिचे कार्यालय सिकंदराबादेच्या सरोजिनीदेवी मार्गावर होते. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने सुमारे तीन तासांच्या त्या मूळ चित्रपटात अडीच लाखांहून अधिक चौकटी भरतात. त्या निर्मळ करून त्यांत रंग भरण्यासाठी दीडशेहून अधिक तंत्रज्ञ सुमारे आठ महिने खपत होते.

जुने चित्र रंगविणाऱ्याला पुष्कळ गोष्टी परंपराच ठरवून देते. कृष्णाचा पीतांबर पिवळा असावयाचा, बलरामाचे वस्त्र निळे असावयाचे, मांडवाला आंब्याची पाने हिरवी असावयाची. यांत वाद नाही. परंतु राक्षसाचे काय करावे? एस. व्ही. रंगाराव यांनी रंगविलेला घटोत्कच पन्नास वर्षे प्रेक्षकांनी पाहिला, तो करड्या छायेत. तो काळा होता, तांबडा होता, की निळा होता, हे कोणी विचारले नाही. कारण काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तो प्रश्नच उद्भवत नव्हता. ज्या दिवशी रंगाची कुपी उघडली त्या दिवशी प्रश्न उभा राहिला, आणि उत्तर देणे भाग पडले. त्यांनी दिलेले उत्तर असे की घटोत्कचाच्या अंगाला माणसाच्या कातडीचाच रंग असावा. हे उत्तर दिसावयास साधे आहे. पण ते तयार होण्यास दोन हजार वर्षांच्या आसपास काळ लागला, आणि त्या कामी आपल्या मराठी आणि कोंकणी मुलखातील मंडळींचाही हात लागला आहे. तो इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम मूळ ग्रंथाकडे जाऊ. घटोत्कचाला रंग द्यावयास व्यासांनी कसूर केलेली नाही. द्रोणपर्वात रात्रीच्या युद्धासाठी तो पुढे येतो तेव्हाचे वर्णन एखाद्या रंगाऱ्याला दिलेल्या सूचनेसारखे तपशीलवार आहे. डोळे लाल, मुख तांबूस, अंग निळे, मान तांबडी. दाढीमिशा पिंगट-हिरवट, केस ताठ उभे, कान खुंट्यासारखे टोकदार, तोंड कानापर्यंत फाटलेले, भुवया लोंबत्या, नाक जाड, पोट मात्र खपाटीस गेलेले. त्याच्या रथाला आठ चाके असून तो अस्वलाच्या कातड्याने मढविलेला आहे, आणि ध्वजावर गिधाड बसले आहे. वाचताना लक्षात येते की हा सारा वर्णपट एका हेतूने योजिलेला आहे: रणांगणावरील माणसाला समोर माणूस दिसता कामा नये.

आणि तरीही त्याच महाभारताच्या आदिपर्वात याच घटोत्कचाचा जन्म सांगितला आहे, तेथे कुंती त्याला काय म्हणते पाहा. तू कुरुकुळात जन्मलास, पाचही पांडवांचा तू ज्येष्ठ पुत्र आहेस, त्यांना साह्य कर, अशा अर्थाचे तिचे बोलणे आहे. अभिमन्यूच्या आधी, द्रौपदीच्या पाच मुलांच्या आधी, पांडवांच्या घरात पहिला नातू जन्मला तो हा. डोके घटासारखे आणि त्यावर केस नाहीत म्हणून 'घटोत्कच'. परंतु राज्याच्या वाटणीत या ज्येष्ठाचे नाव कोठे येत नाही. आईबरोबर तो अरण्यात राहतो. स्मरण केले की येईन एवढे वचन देतो, आणि ते पाळतो. कर्णाजवळ इंद्राने दिलेली एक अमोघ शक्ती होती, एकदाच वापरता येईल अशी. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली होती. त्या रात्री ती घटोत्कचावर खर्च झाली. मरता मरता त्याने आपला देह वाढविला आणि कौरवांच्या सैन्यावर कोसळून एक अक्षौहिणी चिरडली. पांडव रडले, श्रीकृष्ण मात्र हर्षाने नाचला, कारण अर्जुन वाचला होता. आदिपर्वाने तर आधीच सांगून ठेवले आहे की कर्णाच्या त्या शक्तीला तोड म्हणूनच इंद्राने याला निर्माण करविले. म्हणजे घरातील थोरला मुलगा, आणि तोच खर्ची घालण्यासाठी जन्मास आलेला. व्यासांनी हे झाकलेले नाही; त्याचा निवाडा मात्र पुढच्यांवर सोपविला.

पुढच्यांपैकी पहिला थोर माणूस भास. त्याची नाटके शतकानुशतके लुप्त झाली होती, टी. गणपतिशास्त्री यांना ती केरळात सापडली आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमला छापून निघाली. त्यांतील 'मध्यमव्यायोग' हे एकांकी नाटक घटोत्कचाचे आहे. हिडिंबेच्या उपासाच्या पारण्यासाठी माणूस आणावयास तो निघतो, आणि वाटेत एक ब्राह्मण कुटुंब त्याच्या हाती सापडते. काम भयंकर आहे. पण करणारा मुलगा आज्ञाधारक आहे. ब्राह्मणांना त्रास द्यावयाचा नसतो हे त्याला ठाऊक आहे, त्याबद्दल त्याला वाईटही वाटते, परंतु आईचा शब्द मोडता येत नाही. पुढे भीमाची गाठ पडते, बापलेक एकमेकांस न ओळखता झुंजतात, आणि हिडिंबा ओळख पटविते. येथे राक्षसाचे बाह्य रूप बदललेले नाही. बदलले आहे ते प्रेक्षकाचे स्थान. द्रोणपर्वात आपण घटोत्कचाला कौरवांच्या फौजेतून पाहतो. भासाच्या नाटकात आपण त्याला त्याच्या आईच्या दारातून पाहतो.

तिसरी पायरी लोककथेची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. बलरामाची कन्या अभिमन्यूला देण्याचे ठरलेले असते. पांडव द्यूतात सर्वस्व गमावून वनात जातात तेव्हा तो शब्द फिरतो आणि दुर्योधनाचा पुत्र लक्ष्मण याच्याशी सोयरीक जमते. सुभद्रा मुलाला घेऊन अरण्याची वाट धरते, घटोत्कच त्यांना अडवितो, ओळख पटल्यावर चुलत भावासाठी कंबर कसतो, मुलीला मंचकासकट उचलून आणतो, आपण स्वतः तिचे रूप घेऊन लग्नघरी जाऊन बसतो आणि मायेचा बाजार उभारून कौरवांच्या वऱ्हाडाची फटफजिती करतो. ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही; तेथे अभिमन्यूची पत्नी उत्तरा आहे. मराठीत या मुलीचे नाव वत्सला किंवा सुरेखा, तेलुगूत शशिरेखा, आणि कानड्याच्या यक्षगानात कनकांगी. नावे निराळी असली तरी कथा एक आहे, आणि तिचे मर्मही एक आहे. ज्याला मोठ्यांनी फक्त रणावर बोलाविले, त्याला लोकांनी लग्नाला बोलाविले. पांडवांच्या घरचे एवढे मोठे कार्य त्याच्या हातून पार पडावे, त्याने पोटभर जेवावे, वडीलकीने धाकट्या भावाचे लग्न लावून द्यावे, अशी ही भरपाई आहे. ज्या जुन्या हैदराबाद संस्थानाची आपण गोष्ट करीत आहोत, त्याच्याच हद्दीत, अजिंठ्यापासून फार दूर नाही अशा जंजाळा गावापाशी, वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नामक मंत्र्याच्या शिलालेखासह एक बौद्ध विहार कोरलेला आहे. भिक्षूंच्या त्या विहारास लोक आजही 'घटोत्कच लेणी' म्हणतात. डोंगरातील मोठे घर ज्याचे, तो हाच, असा लोकांचा निवाडा.

आता रंगभूमीकडे वळू. कोंकण आणि कानडा या भागांतील आपल्या वाचकांस सांगावयास नको की आपल्याकडे राक्षस हा पाहताक्षणी ओळखू आला पाहिजे असा नेम आहे. यक्षगानातील 'बण्णद वेष' म्हणजे रंगाचा वेष. तांदळाच्या पिठाचे आणि चुन्याचे ठिपके चेहऱ्यावर एकावर एक चढवीत नट तासन्‌तास बसतो, आणि शेवटी त्याचा स्वतःचा चेहरा त्या काटेरी नक्षीखाली नाहीसा होतो. तळकोंकणातील दशावताराचा संकासूर याच्या अगदी उलट: अंगभर काळे वस्त्र, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि तोंडी मात्र अस्सल मालवणी. तो वेद चोरतो, भटजीची टर उडवितो, मुलांना भिववितो आणि हसवितो, आणि विष्णूच्या हातून मरतो. पोरे त्याला भितात, आणि त्याचीच वाट पाहतात. भय आणि हसू एकाच मुखवट्यात बसू शकते हे कोंकणी माणसाला चित्रपट येण्यापूर्वीपासून माहीत आहे.

१८४२ साली उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, आणि ते पाहून पुढल्याच वर्षी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, हे सर्वश्रुत आहे. त्या खेळांबरोबर राक्षसही घाट चढून देशावर आला. भाव्यांच्या पौराणिक नाटकांतील राक्षसपार्टी 'अलल्ल डुर्र' अशी आरोळी ठोकीत, तलवारी आपटीत येत असे. पुढे शिकलेल्या पिढीने त्या नाटकांस 'अललडुर्र' म्हणून हिणविले. परंतु त्या आरोळीचे एक काम होते. दिवट्यांच्या अंधुक उजेडात चेहरा दुरून दिसत नसे. राक्षस आधी कानाने ओळखावा लागे. रूप हे नेहमी उजेडावर अवलंबून असते. दिवटीचा राक्षस वेगळा, गॅसबत्तीचा वेगळा, विजेच्या दिव्याचा वेगळा.

याच सुमारास तेलुगू मुलखात एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे मराठी वाचकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. कडप्पा जिल्ह्यात सुरभी नावाचे गाव आहे. तेथे १८८५ साली वनारस गोविंदराव यांच्या मंडळींनी 'कीचकवधा'चा खेळ केला. ही कुटुंबे मूळची महाराष्ट्रातील. आरे मराठी म्हणून ती ओळखली जात. पिढीजात धंदा चामड्याच्या बाहुल्यांचा. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर ज्या कलेवर जगले तिचीच ही दक्षिणेतील बहीण. बकऱ्याचे कातडे झिरझिरीत होईपर्यंत घासावयाचे, त्यावर आकृती काढून कोरावयाची, रंगवावयाची, आणि मागे दिवा ठेवून तिची रंगीत छाया पडद्यावर नाचवावयाची, असा तो खेळ. ज्या हातांनी बाहुल्या नाचविल्या त्याच हातांच्या माणसांनी स्वतः तोंडाला रंग लावला, आणि 'सुरभी' ही घराण्याची नाटक मंडळी उभी राहिली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्या असा त्यांचा परिपाठ पहिल्यापासूनचा. एकेका कुटुंबातील आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सारे रंगमंचावर. त्यांच्यापैकी श्री वेंकटेश्वर नाट्य मंडळी ही पुढे हैदराबादेत स्थिरावली आणि शहराच्या पश्चिमेस शेरिलिंगमपल्ली येथे कलावंतांची वसाहत झाली. त्या मंडळीचे नागेश्वरराव, ज्यांना सारे बाबजी म्हणत, यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली.

सुरभीचा सर्वांत गाजलेला खेळ कोणता? 'मायाबाजार'. पडद्यावर रंगविलेले महाल क्षणात पालटतात, नट तारेवरून आकाशात जातात, बाण आगीच्या ठिणग्या उडवीत अधांतरी एकमेकांस भिडतात. बाहुलीवाल्यांच्या वंशजांना हे सुचावे यात नवल नाही. बाहुलीला वजन नसते. ती उडते, मोठी होते, नाहीशी होते. घटोत्कचाची माया दाखवावयास कातड्याची बाहुली जितकी योग्य तितका हाडामांसाचा नट योग्य नाही. सुरभीने त्या नटाला बाहुलीचे स्वातंत्र्य दिले. पण असे करताना त्याच्या अंगावर माणसाचा चेहरा राहू दिला. कारण यक्षगानासारखी ठिपक्यांची नक्षी करावयास त्यांच्या कुटुंबी संसारात ना वेळ होता, ना परंपरा. मोठ्या मिशा, मुकुट, गदा, भरदार छाती, आणि खदखदून हसणे: तेलुगू प्रेक्षकाच्या मनातील घटोत्कच असा घडत गेला. १९५७ च्या चित्रपटातील मेजवानीचे प्रसिद्ध हास्यगीत, ज्यात घटोत्कच एकटाच लग्नाचे सारे पक्वान्न फस्त करतो, त्याचीही मुळे सुरभीच्या नाटकांपर्यंत जातात असे सांगितले जाते.

मराठी चित्रपटानेही हा राक्षस लवकरच उचलला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२१ साली 'सुरेखाहरण' काढले. शांताराम वणकुद्रे नावाच्या विशीतील तरुणाने पडद्यावर प्रथम पाऊल टाकले ते त्यातच. पुढे मुंबई आणि पुणे येथे 'मायाबाजार' या नावाचे एकाहून अधिक बोलपट निघाले. तेलुगूतही १९३६ साली एक निघाला. म्हणजे रेड्डींनी हे कथानक हाती घेतले तेव्हा ते काही नवे नव्हते. त्यांच्यापुढचा प्रश्न आज परदेशांत पुनर्निर्मिती करणाऱ्या प्रत्येकापुढे असतो तोच होता: लोकांना ज्याचा चेहरा पाठ आहे तो राक्षस पुन्हा कसा दाखवावा?

या ठिकाणी एक तुलना बोधप्रद होईल. 'मायाबाजार' ज्या वर्षी पडद्यावर आला त्याच वर्षी, १९५७ सालीच, इंग्लंडात हॅमर कंपनीने फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची कथा पुन्हा काढली. मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीत त्या प्राण्याची कातडी पिवळट, डोळे पाणीदार आणि ओठ काळे आहेत. पण जगाच्या डोळ्यांपुढे जे रूप बसले ते १९३१ च्या हॉलिवूड चित्रपटातील: सपाट माथा, जड पापण्या, मानेवर खिळ्यांसारखे विजेचे अग्र. जॅक पीअर्स या रंगभूषाकाराने ते बोरिस कार्लोफ याच्या चेहऱ्यावर घडविले होते. त्या रंगभूषेवर युनिव्हर्सल कंपनीचा हक्क होता, आणि तिची नक्कल केल्यास खटला होईल अशी धास्ती होती. म्हणून हॅमरच्या फिल लीकी याला क्रिस्टोफर ली याच्या तोंडावर मुद्दाम वेगळेच, शिवणी मारलेले, पांढुरके प्रेत उभे करावे लागले. शिवाय तो चित्रपट रंगीत होता. फ्रँकेनस्टाइनची कथा रंगांत आली ती प्रथम तेव्हाच. तेथे राक्षसाचे रूप बदलले, कारण जुने रूप कोणाच्या तरी मालकीचे होते.

घटोत्कचाचा मालक कोणी नव्हता. भास, दशावतारी, बाहुलीवाले, सुरभी, कोल्हापूरकर, सर्वांनी त्याला मनसोक्त वापरला आणि कोणी कोणास हरकत घेतली नाही. त्यामुळे मद्रासेत रूप बदलावयाचे ते कायद्याच्या भीतीने नव्हे, तर विचाराने बदलता आले. कलादिग्दर्शक माधवपेद्दी गोखले आणि कलाधर यांनी त्या चित्रपटाचे जग उभारले. हे गोखले तेलुगूच. आडनावावरून वाचकांनी पुण्याकडे पाहू नये. द्वारका नगरी दाखविण्यासाठी त्यांनी पन्नास बाय साठ फुटांच्या जागेत तीनशे लहानग्या घरांची प्रतिकृती केली. छायालेखक मार्कस बार्टले यांनी प्रकाशाची किमया केली. आणि घटोत्कचासाठी रंगाराव निवडले गेले, यात सारे काही आले.

व्यासांच्या राक्षसाचे पोट खपाटीस गेलेले होते. रंगारावांचा घटोत्कच भरल्या पोटाचा आहे. हा फरक लहान वाटेल, पण सारे रूपांतर त्यात आहे. खपाटीचे पोट भूक दाखविते, आणि भुकेला राक्षस आपल्याला खाईल अशी धास्ती वाटते. भरल्या पोटाचा राक्षस लाडू खातो. ताटातील लाडू आपोआप उडून त्याच्या तोंडात जातात, आणि चित्रपटगृहातील मुले टाळ्या पिटतात. सुळे नाहीत, फाटलेले तोंड नाही. आहे तो एक धिप्पाड, मिशाळ, मोठ्याने हसणारा, लवकर रागावणारा आणि लवकर विरघळणारा चुलत भाऊ. असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो. कार्य असले की तो तीन दिवस आधी येतो, कढया उचलतो, व्याह्यांशी भांडतो, आणि पंगतीला शेवटी बसून सर्वांत अधिक जेवतो.

याहूनही धीट असा दुसरा भाग सावित्री यांच्याकडे गेला. घटोत्कच शशिरेखेचे रूप घेतो, त्यानंतर पडद्यावर दिसते ती शशिरेखा, आणि आत असतो राक्षस. येथे कोणतीही रंगभूषा नाही. चाल, मान उडविण्याची तऱ्हा, बसण्याची मांड, मधूनच येणारा पुरुषी गुर्मीचा हावभाव, एवढ्यावर त्या नटीने राक्षस उभा केला. मुखवटा, ठिपके, सुळे, आरोळी, सारे उतरवून ठेवल्यावरही राक्षस शिल्लक राहतो, हे त्या प्रवेशाने सिद्ध केले. दुर्योधनपुत्राचा पाय नवरीच्या पायाखाली चिरडतो तेव्हा प्रेक्षक हसतो. आणि ज्या मुलीच्या मनाविरुद्ध लग्न ठरविले तिच्या अंगात एवढे बळ असते तर काय झाले असते, हा विचार त्या हसण्यामागून येतो.

यानंतरच्या रूपांची नोंद धावतीच पुरे. १९८१ साली 'कलियुग' या हिंदी चित्रपटात महाभारत दोन उद्योगपती घराण्यांत घडविले गेले. त्याचे दिग्दर्शक श्याम बेनेगल हे सिकंदराबादच्या त्रिमुलघेरीत १९३४ साली जन्मलेले, आपल्या चित्रापूर सारस्वत समाजातील कोंकणी घराचे सुपुत्र. वडील छायाचित्रकार, आणि बाराव्या वर्षी वडिलांच्याच कॅमेऱ्याने या मुलाने पहिला चित्रपट केलेला. त्यांच्या महाभारतास राक्षसाचा मुखवटा लागला नाही, माणसेच पुरली. १९९५ साली तेलुगू 'घटोत्कचुडू'त कैकाला सत्यनारायण यांनी हा वीर आजच्या काळात आणला. आणि २००८ साली सिंगीतम श्रीनिवासराव यांनी व्यंगचलचित्रात त्याला चक्क बाळ करून टाकले. हे तेच सिंगीतम, जे तरुणपणी १९५७ च्या चित्रपटावर रेड्डींचे साहाय्यक होते. ज्याने मोठा घटोत्कच घडताना पाहिला त्यानेच उतारवयात त्याला पाळण्यात घातले.

आता २०१० च्या रंगांकडे परत येऊ. या उद्योगास आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. बार्टले यांनी प्रत्येक दिवा काळ्या-पांढऱ्या फिल्मसाठी लावलेला होता. चांदण्यातील नौकाविहाराचे ते नावाजलेले चित्रण करड्या छटांच्या तोलावर उभे आहे. त्यावर रंग चढविणे म्हणजे जुन्या देवळाच्या काळ्या पाषाणाला तैलरंग फासण्यासारखे आहे, असे कोणास वाटले तर त्यास दोष देता येणार नाही. दुसरी बाजूही खरी आहे. मूळ फिल्म झिजत होती, ध्वनी फाटत होता. रंगाच्या निमित्ताने ती साफ झाली, आणि ज्या मुलांनी काळा-पांढरा चित्रपट कधी धड पाहिला नसता ती आजोबांचे बोट धरून चित्रपटगृहात गेली. शिवाय जुनी आवृत्ती नष्ट झालेली नाही. ज्यास हवी त्याने ती पाहावी. आमच्या मते झगडा करावयाचा तर तो इतर चौकटींबद्दल करावा. घटोत्कचाच्या वर्णापुरते त्यांनी केले ते योग्य केले.

कारण राक्षस काळा असतो ही समजूत जितकी जुनी तितकीच ती अविचाराची आहे. महाभारत उघडून पाहावे. ज्यांनी ते सांगितले ते कृष्णद्वैपायन काळे, ज्याच्या सल्ल्याने ते घडले तो कृष्ण काळा, अर्जुन सावळा, आणि द्रौपदीचे तर नावच कृष्णा. काळा वर्ण देवमाणसांकडे असून आपण तो राक्षसांना कसा दिला? अरण्यात राहणाऱ्या माणसांना गावातील माणसांनी जे नाव दिले, त्या नावाबरोबर हा रंगही फासला असावा, अशी शंका येते. सिकंदराबादेतील रंगाऱ्यांना सोपा मार्ग मोकळा होता. व्यासांचा निळा देह आणि तांबडी मान घेता आली असती. दशावताराचा काळा घेता आला असता. मुलांच्या पुस्तकांतील हिरवाही चालून गेला असता. त्यांनी भीमाच्या मुलाला भीमाच्या जातीचा, म्हणजे माणसाच्या जातीचा वर्ण दिला. भासाने त्याला आई दिली, लोककथेने लग्नघर दिले, सुरभीच्या मराठी बाहुलीवाल्यांनी उघडा चेहरा दिला, रंगारावांनी भरले पोट आणि हसू दिले. मग कातडी वेगळी ठेवण्यास कारण काय उरले होते?

मात्र यात एक धोका आहे, आणि तो सांगितल्यावाचून लेख संपविणे बरे नव्हे. राक्षसाला गोड करीत गेले की त्याच्या आयुष्यातील कडू भाग गळून पडतो. 'मायाबाजार' लग्नापाशी संपतो. त्यात पाच पांडव तर पडद्यावर येतच नाहीत. पाळण्यातील घटोत्कच पाहून वाढलेल्या मुलाला द्रोणपर्वातील ती रात्र कोण सांगणार? व्यासांनी त्याला भयंकर रूप दिले, पण त्याच व्यासांनी त्याचा मृत्यू आणि त्या मृत्यूवर झालेला हर्ष, दोन्ही लिहून ठेवले. आपण त्याचे रूप सुधारले, आणि मृत्यूचे पान मिटून घेतले. हा व्यवहार पुरता प्रामाणिक नाही.

सुरभीच्या नाटकातील एक गोष्ट म्हणून मनात राहते. खेळ संपल्यावर घटोत्कच झालेला नट तोंड धुतो, मिशा उतरवितो, आणि पडदे गुंडाळावयास इतरांबरोबर हात लावतो. त्याचा भाऊ, बायको, मुले तेथेच असतात, कारण सारी मंडळी एकाच घरातील. रंग धुतल्यावर खाली जी कातडी निघते तीच सिकंदराबादेच्या तंत्रज्ञांनी संगणकावर भरली, असे म्हणावयास हरकत नाही. वर्ण आता ठरला. तो आपल्या घरचा आहे हेही ठरले. मग घरच्या माणसाचे जे करावयाचे ते सारे करावे लागेल: लग्नात त्याला पंगतीस बसवावयाचे, आणि चौदाव्या दिवसाच्या रात्रीची कथा निघाली की अभिमन्यूसाठी जसे डोळे पुसतो तसे त्याच्यासाठीही पुसावयाचे.